अमेरिकेतल्या फेडरल कोर्टात मधल्याच आदेशावर अपील करता येतं का?

आर्या_डॅलस | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. माझ्या आधीच्या कंपनीविरुद्ध मी इथल्या फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टात दावा लावला आहे. बाळंतपणाच्या रजेवरून परतले तेव्हा माझं काम दुसऱ्याकडे गेलेलं होतं. तक्रार केली, तर पुढच्या तिमाहीत नोकरीच गेली. दाव्यात चार मुद्दे आहेत: गरोदरपणावरून भेदभाव, तक्रार केल्याचा सूड, कराराचा भंग आणि अडवलेला बोनस. गेल्या आठवड्यात जजनी शेवटचे दोन फेटाळले. पहिले दोन पुढे चालणार आहेत.

सासरे पुण्यात दिवाणीची वकिली करायचे. ते फोनवर एकच सांगतायत, "ताबडतोब अपील कर, मुदत गेली की संपलं." माझी इथली वकील म्हणते, आत्ता अपील होतच नाही. दोघंही माझ्या भल्याचंच सांगतायत आणि माझी झोप उडाली आहे. बोनसची रक्कम काही लहान नाही. पण त्याहून जास्त लागलंय ते हे, की वर्षभर राबून मिळवलेली गोष्ट चार ओळींत निकालात काढली. कुणाला फेडरल अपिलांची नीट माहिती असेल तर कृपया सांगा.

शमिका | सोमवार, रात्री १०.२५

आर्याताई, मी न्यू जर्सीत वकिली करते आणि अपिलांचं काम बरंच असतं. तुमच्या केसवर सल्ला तुमच्या वकिलांनीच द्यायचा. नियम कसा चालतो तेवढं सांगते. त्यांचं म्हणणं बरोबर आहे.

अमेरिकी संहितेच्या २८व्या भागातलं कलम १२९१ सांगतं की डिस्ट्रिक्ट कोर्टाच्या अंतिम निर्णयांवर कोर्ट ऑफ अपील्सकडे अपील जातं. अंतिम कशाला म्हणायचं हे सुप्रीम कोर्टानं १९४५ साली कॅटलिन खटल्यात सांगून ठेवलंय: ज्यानं वादाचा निवाडा पुरा होतो आणि कोर्टाला अंमलबजावणीखेरीज काही करायचं उरत नाही, तो निर्णय. तुमचे दोन मुद्दे अजून चालू आहेत, म्हणजे हा आदेश अंतिम नाही. आज अपील केलंत तर तुमच्याकडच्या पाचव्या सर्किटचं (म्हणजे फेडरल अपील विभागाचं) कोर्ट, जे न्यू ऑर्लिन्सला बसतं, ते गुणदोषात न शिरता "आम्हाला अधिकारच नाही" म्हणून परत पाठवेल.

आता झोप लागावी म्हणून मुख्य गोष्ट. फेटाळलेले दोन मुद्दे तुमच्या हातून गेलेले नाहीत. शेवटचा निकाल लागला की आधीचे सगळे मधले आदेश त्यात विलीन होतात आणि एकाच अपिलात त्या सगळ्यांवर बोलता येतं. पूर्वी नोटीस ऑफ अपीलमध्ये, म्हणजे अपील करत असल्याच्या सूचनेत, एखाद्याच आदेशाचं नाव लिहिलं म्हणून काही कोर्टं बाकीचे मुद्दे ऐकायला नकार द्यायची. १ डिसेंबर २०२१ पासून अपील नियमावलीतला नियम ३ बदलून तो धोका बराच कमी केला आहे.

एक अपवाद तुमच्या वकिलांना विचारून पाहा. दिवाणी नियम ५४ (बी) खाली जज काही मुद्द्यांपुरता वेगळा अंतिम निकाल देऊ शकतात. पण "थांबण्याचं रास्त कारण नाही" असं त्यांना स्पष्ट नोंदवावं लागतं. चारही मुद्दे एकाच नोकरीतून आणि त्याच घटनांमधून आलेले असतील तर सहसा देत नाहीत, कारण वरच्या कोर्टाला त्याच गोष्टी दोनदा वाचाव्या लागतात.

फुटाळा_काठ | मंगळवार, सकाळी ७.१५

नागपूरहून लिहितो. आर्याताई, तुमचे सासरे असं का म्हणतात ते मला पुरतं कळतं, आणि त्यांच्या जागी ते चुकत नाहीत.

आपल्याकडे वाटणीच्या दाव्यात आधी प्राथमिक हुकूमनामा होतो: कुणाचा हिस्सा किती. मग मोजणी, सरस-निरस, ताबा, आणि शेवटी अंतिम हुकूमनामा. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ९७ सांगतं की प्राथमिक हुकूमनाम्यावर त्याच वेळी अपील केलं नाही, तर पुढे अंतिम हुकूमनाम्याच्या अपिलात तो चुकीचा होता असं म्हणता येणार नाही. ज्या वकिलानं शेतजमिनीच्या वाटण्यांचे दावे चालवलेत त्याच्या हाडात हे कलम मुरलेलं असतं. "मागाहून बघू" म्हणून थांबलेला भाऊ हिस्सा कमी धरला गेल्याचं पुढे कुणालाच सांगू शकत नाही. सासरेबुवांना तीच भीती आहे.

त्यात आदेश ४३ मध्ये कोणत्या मधल्या आदेशांवर अपील चालतं त्याची यादीच दिली आहे. यादीत नसेल तर अनुच्छेद २२७ खाली हायकोर्टात रिट घेऊन जायची वाट आहेच, आणि आपण सगळे ती वापरतो. शमिकाताई, तिकडे अशी वाट नाही का?

शमिका | मंगळवार, सकाळी ८.०५ (तुमच्याकडे संध्याकाळ)

फुटाळाकाका, कलम ९७ चा मुद्दा फार नेमका सांगितलात. इथे बरोबर उलट आहे: थांबल्यानं हक्क जात नाही, घाई केली तर वेळ आणि पैसा जातो.

रिटसारखी वाट आहे, मँडेमस. पण ती इतकी अरुंद आहे की वकील अर्ज लिहितानाच अशिलाला सांगतात, मिळेल असं धरू नका. दुसरा कुठलाच उपाय नसावा, हक्क निर्विवाद असावा आणि तरीही कोर्टाला योग्य वाटावं, या तिन्ही गोष्टी लागतात. दुसरी वाट कलम १२९२ (बी). त्यात जज स्वतः लिहून देतात की हा कायद्याचा कळीचा प्रश्न आहे, त्यावर खरोखर मतभेदाला जागा आहे आणि आत्ता उत्तर मिळालं तर खटला लवकर संपेल. तसं लिहून मिळाल्यापासून १० दिवसांत वरच्या कोर्टाकडे परवानगी मागायची. तेही नाही म्हणू शकतात.

मनाई हुकमाची गोष्ट मात्र वेगळी. मनाई हुकूम दिला, नाकारला, बदलला किंवा उठवला, तर कलम १२९२ (ए) खाली लगेच अपील. जन्मसिद्ध नागरिकत्वावर मर्यादा घालणाऱ्या ट्रम्प यांच्या २० जानेवारी २०२५ च्या आदेशाचं आठवतं का? एच-१बी वरच्या किती घरांत बाळ येणार होतं आणि आईबाप रोज बातम्या बघत बसले होते. खटले अजून सुरुवातीलाच होते, तरी सरकार वर जाऊ शकलं, कारण डिस्ट्रिक्ट कोर्टांनी प्राथमिक मनाई हुकूम दिले होते. त्यातूनच २७ जून २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा ट्रम्प विरुद्ध कासा हा निकाल आला. तो देशभर लागू होणारे मनाई हुकूम देण्याच्या कोर्टांच्या अधिकाराबद्दल होता. नागरिकत्वाच्या मूळ प्रश्नाला कोर्टानं त्या निकालात हातही लावला नाही. मधल्या टप्प्यावरच्या अपिलात हे असंच होतं. जो आदेश वर गेला तेवढ्याचाच निवाडा होतो.

आर्या_डॅलस | मंगळवार, दुपारी १२.३०

शमिकाताई, फुटाळाकाका, मनापासून आभार. कलम ९७ चा प्रतिसाद सासऱ्यांना जसाच्या तसा पाठवला.

पण एक गोष्ट मला समजत नाही आणि पटत तर अजिबातच नाही. दावा लावल्यावर कंपनीनं पहिल्यांदा अर्ज केला की जॉइनिंगच्या कागदांत लवादाचं कलम आहे, हे प्रकरण लवादाकडे पाठवा. जजनी तो अर्ज नाकारला. खटला तेव्हा नुकता सुरू झाला होता. तरी कंपनी त्या एका आदेशावर सरळ अपिलात गेली, माझा दावा तोवर गोठला, आणि अपील फेटाळलं जाईपर्यंत माझ्या दोन साक्षीदारांनी नोकरी बदलून शहर सोडलं. त्यांना मधल्या आदेशावर जाता येतं आणि मला नाही, हे कसं?

शमिका | मंगळवार, दुपारी १.१०

तुमचा संताप रास्त आहे. नियम खरोखरच एका बाजूला झुकलेला आहे.

१९८८ साली काँग्रेसनं, म्हणजे इथल्या संसदेनं, लवाद कायद्यात एक कलम घातलं, आज ते कलम १६ आहे. कोर्टानं लवादाकडे पाठवायला नकार दिला तर लगेच अपील. कोर्टानं खटला स्थगित करून लवादाकडे पाठवलं तर अपील नाही. म्हणजे लवाद हवा असलेल्याला, जी बहुतेकदा कंपनीच असते, तिला वर जाता येतं. कोर्ट हवं असलेल्या नोकरदाराला लवाद संपेपर्यंत थांबावं लागतं. त्यावर २०२३ मध्ये कॉइनबेस विरुद्ध बिएल्स्की या निकालात सुप्रीम कोर्टानं ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं की असं अपील चालू असताना डिस्ट्रिक्ट कोर्टातलं काम थांबलंच पाहिजे. तुमचा दावा गोठला तो यामुळे. पुढच्या वर्षी स्मिथ विरुद्ध स्पिझिरी आला: लवादाकडे पाठवताना पक्षकारानं स्थगिती मागितली असेल तर खटला फेटाळायचा नाही, स्थगितच ठेवायचा. ऐकायला नोकरदाराच्या बाजूचं वाटतं, पण फेटाळला असता तर तो अंतिम निर्णय झाला असता आणि अपील करता आलं असतं. स्थगितीमुळे तेही गेलं.

एक गोष्ट इथे वाचणाऱ्या बायकांसाठी मुद्दाम लिहिते. लैंगिक छळाच्या आणि अत्याचाराच्या तक्रारींत २०२२ च्या कायद्यानं लवादाचं आधीच सही केलेलं कलम पीडितेवर लादता येत नाही. गरोदरपणाच्या भेदभावाला तो कायदा आपोआप लागू होत नाही.

डोंगरयात्री | मंगळवार, संध्याकाळी ६.२०

वाचतोय. फार मोलाचा धागा.

"केव्हा" या प्रश्नाची दुसरी बाजू म्हणजे मुदत, आणि त्यावरचा एक खटला प्रत्येकाला माहीत असायला हवा असं मला कळकळीनं वाटतं. बोल्स विरुद्ध रसेल, २००७. ओहायोतला कैदी, खुनाच्या शिक्षेविरुद्ध फेडरल कोर्टात हेबियसचा, म्हणजे कैद बेकायदा असल्याचा अर्ज. तो फेटाळला गेला, पण निर्णयाची सूचना त्याला वेळेत मिळाली नाही आणि अपिलाची मुदत टळली. अशा वेळी कायद्यानं १४ दिवसांची नवी खिडकी उघडता येते. जजनी आदेशात २७ फेब्रुवारी ही तारीख लिहिली. ते १७ दिवस होत होते. वकिलानं जजच्या तारखेवर भरवसा ठेवून २६ फेब्रुवारीला नोटीस दिली, म्हणजे कायद्याच्या हिशेबानं दोन दिवस उशिरा.

सुप्रीम कोर्ट म्हणालं, ५ विरुद्ध ४ मतांनी: मुदत काँग्रेसनं कायद्यात घातली आहे, ती अधिकारक्षेत्राची अट आहे, जजला ती वाढवता येत नाही. अपील गेलं. न्यायमूर्ती सूटर यांनी विरोधी मतात स्पष्ट लिहिलं की न्यायव्यवस्थेनं माणसांना असं वागवणं असह्य आहे. मला त्यांचंच पटतं. चूक जजची आणि शिक्षा कैद्याला, यात न्याय कुठे आहे ते मला आजवर कुणी समजावू शकलेलं नाही.

फुटाळा_काठ | बुधवार, सकाळी ६.५०

हे वाचून सुन्न झालो. आमच्याकडे मुदत कायद्याचं कलम ५ आहे. विलंब माफीचा अर्ज, सोबत प्रतिज्ञापत्र, पुरेसं कारण पटलं तर अपील दाखल. वर्षावर्षांचे विलंब माफ झालेले मी पाहिलेत, सरकारी खात्यांचे तर विशेष. त्यानं प्रकरणं लांबतात हा दोष आहेच. पण जजच्या सहीच्या तारखेवर विसंबलेल्या माणसाला कोणतंही भारतीय कोर्ट असं परत पाठवणार नाही.

शमिका | बुधवार, सकाळी ७.३०

डोंगरयात्री, हा खटला काढलात ते बरं केलंत. माझ्या टेबलावर येणारी अपिलं गुणदोषावर हरतात त्याहून मला जास्त वाईट वाटतं ते मुदतीवर हरलेल्यांचं.

साध्या दिवाणी खटल्यात निकाल नोंदवल्यापासून ३० दिवस. ३ मार्चला नोंद झाली तर २ एप्रिल शेवटचा. मोजणी कोर्टाच्या डॉकेटवरच्या (खटल्याच्या नोंदवहीतल्या) नोंदीपासून होते, तुम्हाला ईमेल मिळाल्यापासून होत नाही. फेडरल सरकार किंवा त्याचं खातं पक्षकार असेल तर दोन्ही बाजूंना ६० दिवस. फौजदारीत आरोपीला फक्त १४. आणि गुन्हा कबूल करण्याच्या करारात अपिलाचा हक्क सोडल्याचं कलम फार वेळा असतं, ते सही करण्याआधी वाचा.

निकालानंतर २८ दिवसांत त्याच जजकडे नियम ५९ खाली फेरविचाराचा किंवा नव्या खटल्याचा अर्ज केला तर अपिलाची मुदत थांबते आणि त्या अर्जाच्या निर्णयापासून नव्यानं सुरू होते. २९व्या दिवशी केला तर थांबत नाही, आणि हे २८ दिवस जजनाही वाढवता येत नाहीत. लोक नेमके इथे फसतात. अर्ज पडून आहे म्हणून निर्धास्त असतात आणि मूळ मुदत केव्हाच संपलेली असते.

अगदी दारच बंद आहे असंही नाही. ३० दिवस टळले तर त्यानंतरच्या ३० दिवसांत, समर्थनीय कारण दाखवून, डिस्ट्रिक्ट कोर्टाकडे मुदतवाढ मागता येते. कैद्यांसाठी १९८८ च्या ह्यूस्टन विरुद्ध लॅक निकालापासून नोटीस तुरुंगाच्या अधिकाऱ्यांकडे टपालासाठी दिली तोच दाखल झाल्याचा दिवस धरतात. २०१७ च्या हेमर खटल्यात सुप्रीम कोर्टानं हेही सांगितलं की जी मर्यादा फक्त नियमावलीत आहे, कायद्यात नाही, ती बोल्ससारखी लोखंडी नाही.

सुरंगी_रेडमंड | बुधवार, सकाळी ११.००

मी एच-४ वर (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) आले आणि ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, मिळाल्यावर पुन्हा कामाला लागले, म्हणून या विषयातली एक केस मी सुरुवातीपासून मागे लागून वाचली आहे. सेव्ह जॉब्ज यूएसए विरुद्ध गृहसुरक्षा खातं. २०१५ मध्ये एच-४ ईएडीचा नियम आला, त्याच वर्षी त्याविरुद्ध दावा. २०१६ मध्ये डिस्ट्रिक्ट कोर्ट म्हणालं, तुम्हाला दावा लावायचा हक्कच नाही. तो अंतिम निर्णय, म्हणून अपील. २०१९ मध्ये डी.सी. सर्किट (राजधानी वॉशिंग्टनचं अपील कोर्ट) म्हणालं, हक्क आहे, परत जा. मार्च २०२३ मध्ये डिस्ट्रिक्ट कोर्टानं या वेळी गुणदोषावर खात्याच्या बाजूनं निकाल दिला. पुन्हा अपील, ऑगस्ट २०२४ मध्ये नियम कायम. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं केस ऐकायला नकार दिला.

दहा वर्षं. तेवढ्या काळात माझ्या ओळखीच्या मुली घर घ्यायचं की नाही, मूल होऊ द्यायचं की नाही, हे त्या केसकडे बघून ठरवत होत्या. शेवटच्या नकाराच्या दिवशी व्हॉट्सॅपवर "सुप्रीम कोर्टाने एच-४ ईएडी वैध ठरवले" असे मेसेज फिरत होते. ते खरं आहे का?

शमिका | बुधवार, दुपारी १२.१५

सुरंगी, नाही. सुप्रीम कोर्टाकडे जाणं जवळजवळ सगळ्या प्रकरणांत हक्क नाही, विनंती आहे. ९० दिवसांत सर्शिओरारीचा अर्ज करायचा, नऊपैकी चौघांनी होकार दिला तरच केस ऐकतात. हजारो अर्ज येतात आणि वर्षाला साधारण साठेक केसेस ऐकल्या जातात. नकाराचा अर्थ फक्त "आम्ही ऐकत नाही". डी.सी. सर्किटचा निकाल टिकला, त्यामुळे नियम टिकला. पण उद्या सरकारनं नियमच बदलला तर हा नकार आड येणार नाही. म्हणून असा मेसेज पुढे पाठवू नका, त्यावर कुणी घर घेईल.

केतकी_एडिसन | बुधवार, रात्री ९.००

माझ्या बहिणीचा न्यू जर्सीच्या फॅमिली कोर्टात मुलाच्या ताब्याचा निकाल विरोधात गेला. तिला कुणीतरी सांगितलं, फेडरल कोर्टात अपील कर, तिथले जज निःपक्षपाती असतात. करता येईल का?

शमिका | बुधवार, रात्री ९.२०

केतकी, कृपया तिला आजच थांबवा. फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्ट हे राज्याच्या कोर्टाचं अपील कोर्ट नाही. राज्याच्या कोर्टात हरलेल्यानं तो निकाल फिरवायला तिथे दावा लावला तर तो फेटाळला जातो, १९२३ पासूनचा नियम आहे. तिची वाट म्हणजे न्यू जर्सीच्या सुपीरियर कोर्टाचा अपिलेट डिव्हिजन, आणि अंतिम निकालापासून मुदत ४५ दिवस. त्यानंतर राज्याचं सुप्रीम कोर्ट. तिथून पुढे वॉशिंग्टनला विनंती करता येते ती फक्त फेडरल कायद्याचा किंवा संविधानाचा प्रश्न असेल तर. चुकीच्या कोर्टात घालवलेले दिवस या ४५ मधून कुणी वजा करत नाही. निकालाची तारीख मला व्यनिमध्ये कळवा, मी ओळखीच्या कौटुंबिक वकिलांचं नाव देते.

आर्या_डॅलस | गुरुवार, सकाळी ८.४५

एक शेवटची शंका. उरलेले दोन मुद्दे मी आत्ता मागे घेतले, पुन्हा दाखल करायचा हक्क राखून, तर निकाल अंतिम होईल आणि लगेच अपील करता येईल, असं एका मैत्रिणीनं सुचवलंय.

शमिका | गुरुवार, सकाळी ९.३०

ते तर मुळीच करू नका. तुमच्याच पाचव्या सर्किटमध्ये १९७८ पासून नियम आहे की हक्क राखून मागे घेतलं तर निकाल अंतिम होत नाही. मग अपीलही नाही आणि खालच्या कोर्टात चालवायला काही उरलेलंही नाही, अशा कात्रीत माणूस सापडतो. २०२० मध्ये त्या कोर्टाच्या सगळ्या जजनी एकत्र बसून विल्यम्स खटल्यात नियम ५४ (बी) ची वाट काढून दिली, तरी कात्री तशीच आहे. आणि हक्क न राखता मागे घेतलेत तर भेदभावाचा मुद्दा, जो तुमचा सगळ्यात भक्कम आहे असं वाचताना वाटतं, तो कायमचा गेला. कंपनीशी तडजोड झाली तरी फेटाळलेल्या मुद्द्यांवरचा अपिलाचा हक्क राखल्याचं करारात स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर तोही सुटतो.

आत्ताचं काम वेगळं आहे. अपिलात नवा पुरावा चालत नाही, खाली जे नोंदवलं तेवढंच तीन जज वाचतात. कायद्याचा प्रश्न ते नव्यानं बघतात, पण वस्तुस्थितीबद्दल खालच्या जजचं मत उघड चूक असल्याशिवाय बदलत नाहीत. म्हणून त्या दोन साक्षीदारांचे जबाब शपथेवर लवकर नोंदवून घ्या. शहर सोडलं तरी जबाब घेता येतो.

आर्या_डॅलस | गुरुवार, सकाळी १०.०५

आजच वकिलांशी बोलते. आणि वेळ येईल तेव्हा नोटीस न्यू ऑर्लिन्सला पाठवायची ना?

शमिका | गुरुवार, सकाळी १०.२०

नाही, डॅलसच्याच डिस्ट्रिक्ट कोर्टाच्या क्लार्ककडे. फी ६०५ डॉलर. कागद जेमतेम एक पान असतो: अपील कोण करतंय, कोणत्या निकालावर, कोणत्या कोर्टाकडे. कारणं लिहायची नसतात. कुणी गडबडीत अपील कोर्टाकडेच पाठवली तर तिथला क्लार्क मिळाल्याची तारीख टाकून खाली पाठवतो आणि तीच तारीख धरली जाते. निकालाआधीच्या आदेशांची यादी मात्र आजपासून एका वहीत तारखेनिशी ठेवा, तुमच्या वकिलांना पुढे तीच पहिली लागेल.